पोस्टची भाषा म्हणजे नेमकी कोणाची भाषा?

बहुभाषी ब्लॉगस्थळावर प्रत्येक पोस्टला तिच्या भाषेचे लेबल हवे, ही मागणी आज साधी वाटते. तरी ती रेंगाळली, कारण सुरुवातीची बरीचशी रचना ‘एक ब्लॉग, एक भाषा’ असे धरून झाली होती.

दोन अक्षरी भाषासंकेत १९८८च्या मानकात आले आणि इंटरनेटवर ते कसे वापरायचे याचे नियम १९९५ साली ठरले. वेबपाने रचण्याच्या १९९७च्या एचटीएमएल ४ या मानकात भाषा सांगणारा ‘लँग’ हा गुणधर्म मिळाला. तो पानाला, परिच्छेदाला, अगदी एका शब्दालाही लावता येतो. म्हणजे साधन हाताशी होते. पण ब्लॉग वाचले जात फीडमधून, म्हणजे नव्या पोस्टी वाचकाकडे आपोआप पोचवणाऱ्या यादीतून, आणि अशा याद्यांच्या २००२च्या आरएसएस २.० या साच्यात भाषेची जागा अख्ख्या चॅनेलला, म्हणजे सबंध ब्लॉगच्या यादीला, मिळून एकच आहे. चार पोस्टी मराठीत आणि पाचवी इंग्रजीत लिहिणाऱ्याने तिथे काय भरायचे? २००५च्या अ‍ॅटम या दुसऱ्या फीड-साच्यात प्रत्येक नोंदीची, हवी तर नुसत्या शीर्षकाचीही भाषा वेगळी सांगता येऊ लागली.

खरा गुंता मात्र ‘भाषा’ या शब्दाचाच आहे. पानासोबत सर्व्हर जी माहिती पाठवतो तिच्यातली ‘कंटेंट-लँग्वेज’ ही ओळ (हेडर) सांगते की मजकूर कोणत्या भाषेच्या वाचकांसाठी आहे; त्यात एकाहून अधिक भाषा चालतात. ‘लँग’ सांगतो की समोरचा मजकूर कोणत्या भाषेत आहे; त्यात एका वेळी एकच भाषा बसते. संस्कृत सुभाषिते समजावून देणारी मराठी पोस्ट घ्या. तिचा वाचक मराठी, निवेदन मराठी, पण सुभाषिते संस्कृत. पहिल्या अर्थाने लेबल ‘मराठी’ एवढेच; दुसऱ्या अर्थाने प्रत्येक सुभाषितावर संस्कृतची स्वतंत्र खूण हवी. हे दोन अर्थ वर्षानुवर्षे एकमेकांत मिसळले गेले. पानाच्या माथ्यावर ‘कंटेंट-लँग्वेज’चा मेटा टॅग (वाचकाला न दिसणारी, पानाविषयी माहिती देणारी खूण) टाकून लोक मजकुराची भाषा सांगू लागले. पुढे एचटीएमएलच्या नियमांनी तो टॅग अमान्य ठरवला, आणि त्यात स्वल्पविराम देऊन अनेक भाषा लिहिल्या असतील तर ब्राउझरने तो सोडून द्यावा, असेही सांगितले. हा निर्णय योग्यच होता, फक्त फार उशिरा झाला. ब्लॉग-प्रणालींमध्ये यात तिसरा अर्थ मिसळला: बटणांची आणि मेनूची भाषा. लेखकाने मेनू इंग्रजीत ठेवला की त्याच्या मराठी पोस्टीही इंग्रजी म्हणून बाहेर पडू लागल्या.

याची किंमत वाचकाला मोजावी लागते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला मराठीची खूण दिसली नाही आणि त्याने हिंदी आवाज निवडला, तर ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन वेगळे च एकच होतात. काही फॉन्ट मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श ही खूण पाहूनच देतात.

मग यंत्राने भाषा ओळखावी, हा विचार जोर धरू लागला. अक्षरसमूहांच्या वारंवारितेवरून भाषा ओळखण्याची पद्धत १९९४पासून माहीत आहे आणि लांब मजकुरावर ती चांगली चालते. पोस्ट दोन ओळींची असली की अडते. ‘साहित्य आणि समाज’मध्ये ‘आणि’ आहे म्हणून निभावते. ‘साहित्य, समाज, संस्कृती’वरून मराठी, हिंदी की नेपाळी हे सांगायला फार तर शेवटची वेलांटी उरते. लेखकाला मात्र आपण कोणत्या भाषेत लिहिले हे पक्के ठाऊक असते. यंत्राने सुचवावे, पण लेखकाने निवडलेले लेबल त्याला न विचारता बदलू नये. काही ठिकाणी ते बदलले जाते, आणि तिथे लहान भाषा शेजारच्या मोठ्या भाषेच्या खात्यात जमा होतात.

अनेक भाषांसाठी ‘एमयूएल’ असा एक संकेत आहे, पण भाषा वेगवेगळ्या सांगता येत असतील तर तो टाळावा, असे नियमच म्हणतात. भाषेच्या संकेतापुढे लिपीचा चार अक्षरी उपसंकेत जोडण्याची पद्धतशीर सोय २००६पासून आहे; रोमन लिपीत लिहिलेली मराठी त्यामुळे मराठी म्हणूनच नोंदवता येते. पोस्ट लिहिण्याच्या चौकटीत भाषेची यादी आता बऱ्याच ठिकाणी दिसते, लिपीचा रकाना मात्र क्वचितच. त्यामुळे ‘कसा आहेस’ हे ‘kasa aahes’ असे लिहिणाऱ्या रोमन मराठीपुढे अजूनही इंग्रजीचे लेबल लागलेले दिसते.