सातबारा आणि खसरा : सौसर-शिवनीकडे वावर घेताना काय वेगळं वाचायचं

नागपूरहून सावनेर ओलांडून मध्य प्रदेशातल्या सौसर-पांढुर्ण्याकडे गेलं तरी माती तीच राहते, संत्र्याचे बगीचे तेच राहतात, पुष्कळ गावांत बोलणंही मराठीच असतं. एकराचा भाव मात्र उतरतो. म्हणून काटोल, नरखेड, सावनेर, रामटेक भागातले शेतकरी पलीकडे जमीन बघतात. 1956 पर्यंत दोन्हीकडचा महसूल कारभार एकाच राज्याचा होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मौजा, पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडची गावं), निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) हे सगळं दोन्ही बाजूंना ओळखीचं वाटतं. घात या ओळखीमुळेच होतो. विकणारा खसऱ्याची प्रत पुढे करतो आणि घेणारा ती सातबारा समजून वाचतो.

नागपूरच्या लेआउटच्या जाहिरातीत "ख. क्र." असतो, तो फक्त जमिनीचा क्रमांक. मध्य प्रदेशात खसरा म्हणजे त्या क्रमांकाची अख्खी नोंद. आपला सातबारा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 खाली चालतो, तिकडचा खसरा मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 खाली. दोन्ही कायद्यांत या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंतच खऱ्या मानल्या जातात. मालकीचा शेवटचा पुरावा यांपैकी एकही नाही, म्हणून मागच्या खरेदीखतांची साखळी दोन्हीकडे बघावीच लागते.

कोणत्या कागदाला कोणता जोडीदार

सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12 एकत्र: वर मालक, क्षेत्र, इतर अधिकार, खाली पिकं. खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दाखवतो तो 8अ. तिकडे सातबाऱ्याच्या जागी खसरा आणि 8अ च्या जागी बी-1, म्हणजे किश्तबंदी खतौनी. सौद्याच्या पहिल्या भेटीत बहुधा बी-1 दाखवतात, कारण त्यावर नाव आणि एकूण क्षेत्र एका नजरेत दिसतं. तेवढ्यावर इसार देऊ नये. 8अ बघून आपण जमीन घेत नाही, तसंच हे. प्रत्येक नंबराचा वेगळा खसरा काढायचा, तोही विकणाऱ्याच्या फाइलमधला नाही, तर एमपी भूलेख या सरकारी संकेतस्थळावरून काढलेला, डिजिटल सहीचा आणि ताजा.

एका कागदाला मात्र आपल्याकडे रोजच्या व्यवहारात जोडीदार नाही. तो म्हणजे ऋण पुस्तिका, पूर्ण नाव भू-अधिकार एवं ऋण पुस्तिका. जमिनीवर कर्ज घेतलं की बँक तिच्यात नोंद करते, पुष्कळदा मूळ पुस्तिका स्वतःकडे ठेवते. कोर्टात जामीन राहतानाही हीच पुस्तिका लागते. म्हणून "पुस्तिका हरवली, दुय्यम प्रत काढून देतो" हे ऐकलं की थांबायचं. आधी बँक आणि गावची सेवा सहकारी समिती या दोघांचे बेबाकीचे, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचे, दाखले मागायचे, मग पुढचं बोलायचं. सातबाऱ्यावर बोजा इतर अधिकारात दिसतो याची सवय असल्याने आपली माणसं खसऱ्यावर बँकेचं नाव दिसलं नाही की निर्धास्त होतात. सोसायटीचं कर्ज खसऱ्यावर चढलेलंच असेल असं धरून चालू नये.

क्षेत्र वाचताना

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. चार एकर म्हणजे 1.61.90 च्या आसपास. खसऱ्यावर तेच 1.619 असं दिसतं, हेक्टर आणि त्यापुढे तीन दशांश. दोनच आकडे वाचायची सवय असलेली नजर 0.081 ला पटकन 81 आर समजते, म्हणजे दोन एकर. ते असतात 8 आर 10 चौरस मीटर, जेमतेम 8 गुंठे. मोठ्या नंबरात ही चूक लगेच कळते. पाच-सहा लहान बटे नंबर (एका नंबराचे पाडलेले भाग) एकत्र विकले जातात तेव्हा कळत नाही.

दुसरा घोळ तोंडी बोलण्यात होतो. आपण गुंठ्यात मोजतो, एका एकराचे 40. तिकडे डिसमिल, एका एकराचे 100. म्हणजे "वीस डिसमिल" हे 20 गुंठे नव्हेत, 8 गुंठे आहेत. अर्धा एकर हवा असेल तर 50 डिसमिल म्हणावं लागतं. विहिरीचा किंवा रस्त्याचा तुकडा तोंडी ठरतो तिथे हा फरक मोठा भांडणाचा होतो. इसारपत्रात, म्हणजे तिकडच्या बयान्याच्या कागदात, क्षेत्र फक्त हेक्टरमध्ये आणि खसरा नंबरासह लिहून घ्यावं.

वर्ग-2 आणि अहस्तांतरणीय

सातबाऱ्यावर आपण आधी भूधारणा बघतो. भोगवटादार वर्ग-1 असेल तर सरळ, वर्ग-2 असेल तर परवानगी. खसऱ्यावर "भूमिस्वामी" दिसलं की आपला माणूस त्याला वर्ग-1 समजतो. हा समज धोक्याचा आहे. सरकारी पट्ट्याने मिळालेली जमीनही पुढे भूमिस्वामी हक्काची होते, पण तिच्या विक्रीला कलेक्टरची परवानगी लागते. ही अट कलम 165(7-ख) मधली. भूमिस्वामी हा शब्द दोन्ही प्रकारच्या जमिनींवर येतो. फरक कळतो तो कैफियतच्या, म्हणजे शेऱ्याच्या, रकान्यात, "अहस्तांतरणीय" अशा नोंदीने. सातबाऱ्याच्या इतर अधिकाराचं काम खसऱ्यात कैफियत करते, म्हणून खसरा वाचायला तिथून सुरुवात करावी.

कैफियत कोरी असली तरी जुना खसरा काढावाच. संगणकावर नोंदी चढवताना अशा शेऱ्यांपैकी काही सुटलेले असतात, आणि ते सुटले म्हणून अट संपत नाही. मध्य प्रदेशात 1958-59 चा खसरा पायाभूत मानतात. त्या साली तो नंबर शासकीय मदात, म्हणजे सरकारी जमीन म्हणून, असेल, तर नंतर तो खाजगी कसा झाला याचा आदेश विकणाऱ्याने दाखवायला हवा. त्याच्याही मागचा, 1954-55 चा अधिकार अभिलेख, आपल्याकडे जातीच्या दाखल्यासाठी लोक काढतात, तो तिकडेही असतो. जुन्या नोंदीत "छोटे झाड का जंगल" दिसलं, तर आपल्या झुडपी जंगलासारखंच, वनजमिनीच्या वादात अडकलेलं प्रकरण समजून त्या नंबरापासून दूर राहावं.

आदिवासींच्या जमिनीबाबत आपल्याकडे संहितेचं कलम 36-अ आहे, तिकडे 165(6). अधिसूचित आदिवासी भागात आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर आदिवासीला विकताच येत नाही. इतरत्र कलेक्टरची परवानगी लागते. नागपूरहून जबलपूर रस्त्याने खवासा ओलांडलं की लगेच लागणारं कुरई, पुढे लखनादौन आणि घंसौर, बालाघाटमधलं बैहर, छिंदवाड्यातले तामिया, जुन्नारदेव, बिछुआ, हर्रई हे भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे अशाच अधिसूचित आदिवासी भागात येतात. सर्वात स्वस्त जमिनीच्या गोष्टी बहुधा याच पट्ट्यातून येतात. तिथे स्थानिक आदिवासी गड्याच्या नावावर जमीन घेण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो व्यवहार बेनामी ठरतो, पैसे जातात, आणि मुळात तो त्या माणसांवर अन्याय आहे. सौसर-पांढुर्ण्यातले काही पटवारी हलकेही या पट्ट्यात येतात, आणि तिथल्या बाकीच्या गावांतही विकणारा आदिवासी असेल तर परवानगीशिवाय रजिस्ट्री करू नये.

बटांकन झालं, तरमीम झाली का?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. समजा खसरा नंबर 45 मधला अर्धा भाग कधीतरी विकला गेला. खसऱ्यात 45/1 आणि 45/2 असे दोन नंबर झाले, दोन नावं, दोन क्षेत्रं. याला बटांकन म्हणतात. पण गावच्या नकाशावर 45 अजूनही एकच आकृती असते, कारण नकाशात रेघ मारण्याचं काम, म्हणजे नक्शा तरमीम, झालेलंच नसतं. अशा स्थितीत तुम्ही 45/2 घेता तेव्हा क्षेत्र घेता, जागा घेत नाही. नाल्याकडची बाजू कोणाची आणि रस्त्याकडची कोणाची, हे कागद सांगत नाही. आपल्याकडे न मोजलेला पोटहिस्सा असतो, त्याचंच हे भावंड. फरक एवढाच, की नागपूर भागातल्या गावात धुरा कुठे आहे हे चार माणसांना विचारता येतं, परक्या गावात नवा माणूस कोणाला विचारणार?

म्हणून बयान्याआधी नकाशाची प्रत काढून त्यावर आपला बटे नंबर स्वतंत्र आकृतीत आहे का ते बघावं. नसेल तर तरमीम विकणाऱ्याने करून द्यायची, ही अट लेखी घ्यावी. त्यानंतर कलम 129 खाली सीमांकनाचा अर्ज, तोही विकणाऱ्याच्या नावाने, कारण रजिस्ट्रीपूर्वी तो हक्क त्याचा आहे. सीमांकन राजस्व निरीक्षक करतो, शेजाऱ्यांना सूचना जाते, पंचनामा होतो. आपल्या भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची 'क' प्रत असते, तशी इथे सीमांकनाचं प्रतिवेदन (अहवाल) आणि पंचनामा या दोन्हींची नक्कल घ्यावी. पीक उभं असताना किंवा चिखलात हे काम पुढे ढकललं जातं, त्यामुळे फेब्रुवारी ते मे हा काळ धरून चालावं. संत्र्याची कलमं पावसाळ्यात लावायची असतील, तर सौद्याची सुरुवात दिवाळीनंतरच व्हायला हवी.

त्याच नकाशावर रस्ताही बघायचा. आपल्याकडे पांदण नकाशात असते, नसली तर कलम 143 खाली तहसीलदाराकडे मागता येते. तिकडे कलम 131 आहे, आणि जुनी वहिवाट वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद) किंवा निस्तार पत्रकात लिहिलेली असते. तिथे नोंद असलेला रस्ता नंतर कोणी अडवला तरी बाजू भक्कम राहते.

फेरफार आणि नामांतरण

महाराष्ट्रात खरेदीखत नोंदलं की माहिती ई-फेरफारमध्ये जाते, तलाठी नोंद धरतो, नोटिशीचे 15 दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. घेणाऱ्याला फारसं धावावं लागत नाही. मध्य प्रदेशात नामांतरण हे तहसीलदाराच्या न्यायालयातलं प्रकरण असतं. त्याला आरसीएमएस या महसूल प्रकरणांच्या ऑनलाइन प्रणालीवर क्रमांक मिळतो, इश्तहार (जाहीर सूचना) निघतो, पटवाऱ्याचं प्रतिवेदन येतं, मग आदेश होतो. अख्खा खसरा नंबर विकला गेला असेल आणि वाद नसेल तर सायबर तहसीलमधून, म्हणजे ऑनलाइन, हे आपोआप होऊ शकतं. 2024 पासून ही सोय सगळ्या जिल्ह्यांत आहे. नंबराचा भाग घेतला असेल तर तरमीमचा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

आदेश हातात आला की लोक काम झालं समजतात. आदेश आणि त्याचा अमल वेगळा. अमल झाला म्हणजे खसऱ्यावर, बी-1 वर नाव चढलं. दोन्ही पुन्हा काढून नाव, बापाचं नाव, क्षेत्र तपासावं. "वडील" आणि "पती" यांची अदलाबदल किंवा हिंदीत वेगळं लिहिलेलं आडनाव ही चूक नेहमीची, आणि ती आधारशी जुळली नाही की पुढे प्रत्येक योजनेत अडते.

पिकांच्या नोंदीतही सवय बदलावी लागते. 2021 पासून आपण ई-पीक पाहणी स्वतः मोबाइलवर करतो. तिकडे ते काम गिरदावरी म्हणून सरकारी यंत्रणेकडून होतं, आणि हमीभावाने गहू विकायची ई-उपार्जन नोंदणी त्या गिरदावरीवर उभी असते. नोंद चुकली तर हंगामात खरेदी केंद्रावर माल परत येतो. पेरणी झाली की हलक्याच्या पटवाऱ्याला भेटून नोंद बघणं हे शेतीच्या कामातलंच एक धरावं. शिवाय समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक, लागते, आणि ती त्या राज्यातल्या रहिवाशाला मिळते. नागपुरात राहून पलीकडे शेती करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

खर्चाचं थोडं. महाराष्ट्रात नोंदणी शुल्क 1 टक्का, पण 30,000 रुपयांच्या वर जात नाही. मध्य प्रदेशात ते 3 टक्के आहे आणि अशी मर्यादा नाही, म्हणजे 40 लाखांच्या सौद्यावर 1,20,000, आणि मुद्रांक शुल्क त्यावर वेगळं. महिलेच्या नावाने घेतल्यास सवलत मिळते, ती उप पंजीयकाकडे, म्हणजे तिकडच्या दुय्यम निबंधकाकडे, विचारून घ्यावी. विजेचाही हिशेब करा. आपल्याकडे 7.5 एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला 2024 पासून बिल नाही. तिकडे 10 एचपीपर्यंत वर्षाला एचपीमागे 750 रुपये, म्हणजे पाचच्या पंपाला 3,750. रक्कम मोठी नाही, पण जुनी थकबाकी विकणाऱ्याच्या नावाने राहिली असेल तर जोडणी बदलताना ती तुमच्या गळ्यात येते.

मध्य प्रदेशात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा मागत नाहीत. विदर्भात मात्र 1958 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 89 मुळे तो लागतो. म्हणून पलीकडे कितीही जमीन झाली तरी इकडचं शेवटचं वावर विकू नये. प्रमाणभूत क्षेत्राइतका, म्हणजे जिरायत 20 गुंठ्यांचा तरी तुकडा स्वतःच्या नावाच्या सातबाऱ्यावर राहू द्यावा, आणि दरवर्षी त्याची ई-पीक पाहणी करत राहावं.