पात्याच्या मागची गाडी

मुंबईतल्या थंडीचा विक्रम २२ जानेवारी १९६२ चा. त्या दिवशी सांताक्रूझला पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. थंड देशांमध्ये हिवाळी टायर कधी चढवायचे याचा ढोबळ नियम आहे ७ अंशांचा. तापमान त्याखाली राहू लागलं की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि रस्ता धरेनासं होतं. म्हणजे या शहराने नोंदवलेल्या सगळ्यात गार दिवशीही टायर बदलायची वेळ आली नसती.

अशा गावात बसून बर्फ ढकलणाऱ्या गाडीबद्दल लिहिणं हा आगाऊपणाच. पण टोरंटो, बफलो, मिनिआपोलिसला गेलेल्या भाच्या-पुतण्यांच्या कृपेने ते व्हिडिओ आता डोंबिवलीच्या व्हॉट्सअॅपवरही फिरतात. पिकअपच्या नाकासमोर लोखंडी पातं, आणि घरासमोरची वाट चार फेऱ्यांत मोकळी. बघणाऱ्याला वाटतं, करामत पात्याची आहे, मागे गाडी कुठलीही चालेल. खरं तर पातं बसवायला फार वेळ लागत नाही. ते पेलण्यासाठी गाडी तयार करावी लागते, आणि त्या तयारीत थंडीशी भांडण आपण समजतो त्यापेक्षा कमीच असतं. वजन, उष्णता आणि मीठ हे जास्त त्रास देतात, आणि हे तिन्ही आपल्याकडच्या मेकॅनिकच्या चांगल्या ओळखीचे आहेत.

आधी बर्फ किती जड असतो ते पाहू. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो. तोच दबला, भिजला की ३०० किलोच्या घरात जातो. २० मीटर लांब, अडीच मीटर रुंद वाट घ्या आणि तिच्यावर वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर थर धरा. झाले १० घनमीटर. कोरडा असेल तर अर्धा ते एक टन, ओला असेल तर तीन टन. म्हणून मुरलेले चालक बर्फ थांबायची वाट बघत नाहीत, पडत असतानाच फेऱ्या सुरू करतात. (ढोबळ हिशोबात पाण्याच्या दसपट जाडीचा बर्फ होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस बर्फ होऊन उतरला असता, तर इमारतींचे तीन मजले गाडले गेले असते.)

आता पात्याचं वजन. साडेसात-आठ फूट रुंदीचं पातं, त्याची चौकट आणि हायड्रॉलिक पंप मिळून सुमारे ३५० किलो होतात. पाच धडधाकट माणसं गाडीत बसली तरी जवळपास एवढंच वजन होतं, मग अडचण काय? अडचण अशी की माणसं पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये बसतात आणि पातं पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं. मशीद बंदरकडे मागे लांबच लांब सळ्या लोंबकळणारा टेम्पो पाहिला असेल, तर त्याचं नाक वर उचललेलं आणि स्टिअरिंग हलकं झालेलं आठवेल. इथे तोच प्रकार उलट्या बाजूने होतो.

आकडे घालून बघू. समजा पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं, म्हणजे चाकांच्या आसांमधलं, अंतर ३.६ मीटर आहे आणि पात्याचा गुरुत्वमध्य पुढच्या एक्सलच्या १.२ मीटर पुढे आहे. ३५० ला १.२ ने गुणा आणि ३.६ ने भागा, उत्तर येतं ११७. म्हणजे मागच्या चाकांवरचा ११७ किलो भार उचलला गेला आणि तोही पुढच्या चाकांच्या माथी आला. पुढच्या एक्सलवर भर पडली ४६७ किलोंची. नुसत्या ३५० चा हिशोब धरणारा इथे फसतो.

म्हणून पहिली तपासणी बॉनेट उघडून करायची नसते. अमेरिका-कॅनडातल्या गाड्यांना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर दोन्ही एक्सलच्या वजनमर्यादा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. पुढच्या एक्सलचा आकडा पात्यासकट, चालकासकट ओलांडला जात असेल तर ते पातं त्या गाडीसाठी नाही. तिथले उत्पादक काही पिकअप मुळातच या कामासाठी जाड स्प्रिंग आणि दणकट अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र) लावून विकतात, ते यासाठीच. पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट, टाय रॉड, बुश आणि बेअरिंग हिवाळ्याआधी तपासून घ्यावे लागतात. खड्ड्यांच्या कृपेने मुंबईच्या गॅरेजात ही यादी कुणालाही तोंडपाठ असते.

मागे उचललेलं वजन परत कसं आणायचं? हौद्यात वाळूच्या गोण्या टाकून. पण कुठे, हे महत्त्वाचं. मागच्या एक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे, फाळक्याजवळ १०० किलो वाळू ठेवली, तर त्याच तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर ११७ किलो येतात आणि पुढची चाकं १७ किलोंनी सुटतात. तीच वाळू केबिनला चिकटून ठेवली तर तिचा काही भाग पुन्हा पुढच्या एक्सलवरच जातो. गोण्या घट्ट बांधाव्या लागतात, कारण पातं कुठे अडकून गाडी एकदम थांबली तर त्या मागची काच फोडून आत येऊ शकतात. आणि चाक जागच्या जागी फिरायला लागलं की एक गोणी फोडून वाळू टायरखाली टाकता येते, हा वरचा फायदा.

चाक फिरण्यावरून आठवलं. गाडीत किती घोड्यांचं इंजिन आहे याला या कामात फारशी किंमत नाही. दाबलेल्या बर्फावर टायरची पकड कोरड्या डांबराच्या साधारण पाव-तृतीयांश इतकीच उरते. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर तीन टनांची गाडी चारही चाकं फिरवून जास्तीत जास्त ६०० किलो वजनाएवढाच रेटा देऊ शकते. फक्त मागची चाकं फिरत असतील तर त्याच्या निम्म्याहून कमी. चार चाकांना ताकद देणारी गाडी आणि हौद्यातली वाळू यांची गरज इथून येते.

टायरमधल्या हवेचाही हिशोब करून ठेवण्यासारखा आहे. आपण पंपावर ‘३५ टाका’ म्हणतो. मुंबईच्या ३० अंशांत ३५ भरलेला टायर उणे २० अंशांत नेला, तर थेंबभर हवा न गळता काटा २७ दाखवेल. वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, एवढाच शाळेतला नियम. त्यामुळे हवा तपासायची ती सकाळी, गार टायरमध्ये.

सगळ्यात चक्रावणारी गोष्ट मात्र उष्णतेची. बाहेर उणे १५ अंश आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे, असं खरंच होतं. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना पातं उचलून धरलेलं असतं, आणि ते नेमकं रेडिएटरसमोर येऊन वारा अडवतं. उपाय बिनखर्ची आहे: पातं थोडं खाली घ्यायचं, तिरकं करायचं, वेग कमी ठेवायचा. उचललेलं पातं गाडीचे दिवेही झाकतं, म्हणून त्याच्या चौकटीवर उंच जागी वेगळे दिवे लावलेले असतात.

गिअरबॉक्सची उष्णता याहून लबाड आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचा पंखा फिरतो. महामार्गावर दोन्ही जवळपास सारख्याच वेगाने फिरतात. पण बर्फाच्या ढिगाला टेकून इंजिन जोर लावतंय आणि चाकं जेमतेम सरकतायत, अशा वेळी एक पंखा जोरात आणि दुसरा संथ फिरतो. मधल्या तेलाची नुसती घुसळण होते आणि इंजिनाची ताकद त्या तेलात उष्णता होऊन मुरते. त्यात पुढे-मागे, पुढे-मागे अशा शेकडो फेऱ्या. तेल जळलं की आतल्या क्लचच्या पट्ट्या जातात आणि पातं घेतल्याच्या आनंदावर गिअरबॉक्सचं बिल पडतं. म्हणून वेगळा ऑइल कूलर बसवतात, तेलाच्या तापमानाचा काटा लावतात आणि खालच्या गिअरमध्ये काम करतात. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही, ही सवय यंत्रापेक्षा चालकाला लावावी लागते.

थंडीचा थेट मार बसतो तो बॅटरीला. शिसं आणि गंधकाम्लातली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमधून इंजिन फिरवायला सेल्फला जास्त करंट लागतो. त्यासाठी थंड देशांत बॅटरीवर एक खास आकडा छापतात: उणे १८ अंशांत ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, तेही व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता. बरं, पात्याचा हायड्रॉलिक पंप विजेवर चालतो आणि पातं उचलताना क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. शिवाय हीटर, वायपर, दिवे सगळंच चालू, आणि इंजिन मंद फिरत असल्यामुळे अल्टरनेटर पुरेशी भर घालत नाही. दुसरी बॅटरी आणि मोठा अल्टरनेटर ही चैन नसते. उतरलेल्या बॅटरीत पाण्याचं प्रमाण वाढलेलं असतं, त्यामुळे ती गोठून फुटू शकते. पूर्ण चार्ज असलेली उणे ५० अंशांतही तग धरते.

कूलंटबद्दल एकच सांगतो. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतणारे अजून आहेत. तिथे तसं केलं तर पाणी गोठताना ९ टक्के फुगून इंजिनचा ब्लॉक तडकवेल. पण कूलंटमधलं न गोठू देणारं द्रव्य, म्हणजे ग्लायकॉल, नुसतं ओतणंही चूकच, कारण ते एकटं उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल घेतलं तर मिश्रण उणे ३७ पर्यंत पातळ राहतं. डिझेलमधलं मेण गारठ्यात साकळून फिल्टर बंद करतं, म्हणून हिवाळी डिझेल वेगळं येतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. झोजी ला किंवा रोहतांगसारखे रस्ते मोकळे करणारी सीमा सडक संघटना मात्र पिकअप वापरत नाही. तिथे बर्फाच्या भिंती असतात, त्यांना डोझर आणि बर्फ कापून दूर फेकणारी फिरती यंत्रंच लागतात.

राहिलं मीठ. पात्याने खरवडलं तरी रस्त्याला चिकटलेला पातळ थर उरतोच, म्हणून मागोमाग मीठ टाकतात. २३ टक्के मीठ विरघळलेलं पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्षात उणे ९-१० च्या खाली साधं मीठ फार हळू काम करतं, मग कॅल्शियम क्लोराइड घेतात. हे खारं पाणी गाडीच्या पोटाला चिकटतं. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे जातात आणि ते वर्तुळ पूर्ण करायला ओलाव्यातून आयनांची ये-जा लागते. मिठामुळे ती ये-जा सोपी होते. क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर भेदतं, आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवत असल्यामुळे पत्रा वाळतच नाही. गंमत म्हणजे अशी खारट गाडी उबदार गॅरेजात लावली तर ती बाहेरच्या गोठलेल्या अंगणापेक्षा लवकर गंजते, कारण उबेत रासायनिक क्रिया वेग घेते.

ऊब, ओल आणि मीठ हे वर्णन कुणाच्या वरळीच्या पार्किंगला लागू पडत असेल तर तो योगायोग नाही. भांडुप-मुलुंडची मिठागरं ज्या खाऱ्या हवेत आहेत, तीच हवा आपल्या गाड्यांच्या पोटात शिरते, आणि इथे बर्फ पडण्याची वाटही बघावी लागत नाही. पिकअपवाले दर काही फेऱ्यांनंतर खालून पाण्याचा जोरदार फवारा मारतात, चेसिसवर मेणाचा किंवा तेलाचा थर चढवतात, पात्याच्या विजेच्या जोडण्यांत खास ग्रीस भरतात, ब्रेकच्या लोखंडी नळ्या हाताने चाचपून बघतात. यातलं विजेच्या जोडण्यांचं सोडलं तर बाकी सगळं समुद्राकाठच्या गाडीलाही करता येतं, आणि पावसाळा संपताच करावं. जुनी गाडी घेत असाल तर रंगाची चमक सोडा. दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली बारीक भोकं बुजली आहेत का ते बघा, पायाखालची मॅट उचला, डिकीतलं स्टेपनी बाहेर काढा आणि त्याखालचा पत्रा नखाने खरवडून पाहा.