ससा जेवत नाही? ‘एक दिवस उपास घडला तर बरंच’ हा समज जिवावर बेतू शकतो

‘ससा रुसलाय, भूक लागली की खाईल’ किंवा ‘एक दिवस पोटाला आराम मिळू दे’ असं ससा पाळणारे एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आलेत. कुत्र्या-मांजराचा अनुभव इथे लावू नका.

सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. तंतुमय चारा आत येत राहिला तरच ते पुढे ढकलतं. खाणं थांबलं की आतला माल सुकतो, गॅस धरतो, पोट दुखतं आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. सशाला उलटीही करता येत नाही. दहा-बारा तास काहीच खाल्लं नसेल तर ती तातडीची वेळ समजा.

आधी लेंड्या बघा. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, एकसारख्या, वाटाण्याएवढ्या असतात. त्या बारीक, वेड्यावाकड्या झाल्या किंवा बंदच झाल्या, ससा पाठ वर काढून कोपऱ्यात बसला, दात करकरा वाजवू लागला, तर तो रुसवा नाही, ती वेदना आहे.

कधी कारण तोंडात असतं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात; दाढांना टोकं आली की ती जिभेला, गालाला टोचतात. असा ससा गवताकडे धावतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. त्याला भूक असते हो, चावता येत नाही!

घरातली माणसांची औषधं देऊ नका. पोट फुगून टणक लागत असेल तर बळेबळे भरवूही नका. सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना त्याच दिवशी दाखवा, सकाळची वाट पाहू नका.