स्मार्टफोनला जोडायचा थर्मल कॅमेरा

फोनच्या चार्जिंग पोर्टात खोचायचा, साधारण काडेपेटीएवढा एक ठोकळा, ज्यातून आपल्याला उजेडाऐवजी उष्णता दिसते. त्याला स्वतःचा स्क्रीन नसतो, बहुतेक मॉडेलांना बॅटरीही नसते. स्क्रीन फोनचा, करंट फोनचा, हिशोब करायला प्रोसेसरही फोनचाच, त्यामुळे ठोकळ्यात फक्त लेन्स, सेन्सर आणि थोडं सर्किट उरतं आणि किंमत खाली येते. इलेक्ट्रिशियन, मोबाइल रिपेअरवाले, सोलर बसवणारे, वॉटरप्रूफिंगवाले असे लोक हा रोज वापरतात. घरी हौसेने घेणारेही खूप आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला आठवडा मांजराचे फोटो काढण्यात जातो.

हा थर्मामीटर आहे असं समजून घेतलात तर फसाल. आकडा तो दाखवतो, पण त्याची खरी ताकद शेजारशेजारच्या दोन गोष्टींमधला फरक दाखवण्यात आहे. तीन वायरी सारख्याच, दोन गार आणि एक गरम, एवढं कळलं की पुढचं काम माणसाचं.

दिसतं कसं

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे इन्फ्रारेड किरण बाहेर टाकत असते. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून बघितला, तर तांबड्याच्या पलीकडे जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथेच पारा जास्त चढला, ते हेच किरण. आपल्या अंगाच्या किंवा खोलीतल्या भिंतीच्या तापमानाला यांचा जोर ९-१० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो, म्हणून हे कॅमेरे ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात बघतात. साधी काच या पट्ट्यात चक्क अपारदर्शक आहे, त्यामुळे लेन्स जर्मेनियमसारख्या पदार्थाची लागते, आणि ती बघायला काळपट आरशासारखी दिसते.

आतला सेन्सर म्हणजे मायक्रोबोलोमीटर, बहुतेक वेळा व्हॅनेडियम ऑक्साइडच्या बारीक बारीक पट्ट्यांची जाळी. किरण पडले की पट्टी किंचित तापते, तापली की तिचा रेझिस्टन्स बदलतो, तो मोजायचा आणि त्याला रंग द्यायचा. हल्लीच्या स्वस्त मॉडेलांमध्ये २५६ गुणिले १९२, म्हणजे ४९,१५२ पिक्सेल असतात. फोनच्या कॅमेऱ्यापुढे हे काहीच नाही, पण कामाला पुरतं. वापरताना दर थोड्या वेळाने आतून 'टिक' असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर थिजतं. नवीन घेतलेला माणूस हमखास घाबरतो की बिघडला की काय. तसं काही नसतं, आतलं शटर सेन्सरपुढे येऊन सगळ्या पिक्सेलना एकसारख्या तापमानाचा पडदा दाखवतं आणि त्यावरून ते स्वतःला जुळवून घेतात.

आता स्टीलचं पातेलं. चकचकीत स्टीलच्या पातेल्यात ८० डिग्री सेल्सियसचं पाणी भरा आणि बाहेरून कॅमेरा धरा, तो खुशाल ३५-४० सांगेल, आणि नीट बघितलं तर पातेल्यावर तुमचीच आकृती दिसेल. कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि समोरच्याची परावर्तित करतो. वस्तू स्वतःची उष्णता किती बाहेर टाकते त्या मापाला उत्सर्जकता म्हणतात, अॅपमध्ये तिचं सेटिंग असतं. माणसाची कातडी ०.९८ च्या आसपास, काळी इन्सुलेशन टेप ०.९५ च्या आसपास, पॉलिश केलेलं अॅल्युमिनियम जेमतेम ०.०५. म्हणून जुनी युक्ती अशी की पातेल्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवायचा आणि मिनिटभर थांबून टेपवर बघायचं, लगेच आकडा खऱ्याच्या जवळ येतो. काळ्या लोखंडी तव्याला हा त्रास फारसा नाही, स्टीलच्या भांड्यांना आहे, आणि विजेच्या पॅनेलमधल्या तांब्या-अॅल्युमिनियमच्या उघड्या पट्ट्यांना सगळ्यात जास्त आहे. तिथे पट्टी 'गार' दिसली म्हणून निर्धास्त होणं महागात पडू शकतं.

लष्कराकडून खिशापर्यंत

मायक्रोबोलोमीटरचं मूळ काम अमेरिकेत हनीवेल कंपनीने लष्कराच्या पैशातून केलं आणि ते १९९२ पर्यंत गोपनीय होतं. त्यानंतरही बरीच वर्षं हातात धरायचा साधा थर्मल कॅमेरा हजारो डॉलरचा, म्हणजे मोठ्या कारखान्यांनी आणि वीज कंपन्यांनीच घ्यायची वस्तू. मग २०१४ च्या जानेवारीत फ्लिर कंपनीने 'फ्लिर वन' जाहीर केला, आयफोन ५ आणि ५एसला कव्हरसारखा बसणारा, किंमत ३५० डॉलरच्या आसपास. त्यातला थर्मल सेन्सर फक्त ८० गुणिले ६० चा, म्हणून जोडीला साधा कॅमेरा देऊन त्याच्या कडा थर्मल चित्रावर चढवल्या, त्यामुळे निदान बघतोय ते स्विचबोर्ड आहे का कुकर एवढं तरी कळतं. त्याच सप्टेंबरमध्ये सीक थर्मलने २०६ गुणिले १५६ चा सेन्सर १९९ डॉलरला आणला. २०१६ मध्ये कॅट एस६० हा थर्मल कॅमेरा आतच बसवलेला फोनही आला. पुढे इन्फिरे, टॉपडॉन, हिकमायक्रो अशा चिनी कंपन्या उतरल्या आणि २५६ गुणिले १९२ हा जवळपास ठरलेला साइज होऊन गेला.

जुन्या मॉडेलांचं चित्र अडखळत चालतं त्यामागे निर्यातीचे नियम आहेत. सेकंदाला ९ पेक्षा जास्त फ्रेम देणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यांवर अमेरिकेचे नियम कडक, म्हणून फ्लिरचे फोनवाले ८.७ वर अडवलेले असतात. चिनी बरेच २५ फ्रेम देतात. सिलिंडर नाहीतर भिंत बघायला ९ फ्रेम भरपूर झाल्या, ती कुठे पळत नाहीये.

कुठे कामाला येतो

घरातला सगळ्यात सोपा प्रयोग गॅस सिलिंडरचा. १४.२ किलोच्या सिलिंडरवर अर्धा तास शेगडी चालू ठेवा आणि मग बघा, आत जिथपर्यंत द्रव गॅस आहे तिथपर्यंतचा भाग गार आणि वर सरळ आडवी रेघ. द्रवाची वाफ होताना तो उष्णता शोषून घेतो म्हणून असं होतं. आपल्याकडे ओला कपडा फिरवून कुठपर्यंत उशिरा वाळतंय ते बघायची पद्धत आहे, ती याच तत्त्वावर चालते आणि फुकट आहे. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणीही संध्याकाळी असंच दिसतं.

पण पैसे वसूल होतात ते लाइटच्या कामात. डीबीत, म्हणजे एमसीबी असतात त्या पेटीत, एखादा स्क्रू ढिला राहिला किंवा वायरीच्या टोकाची लग नीट दाबलेली नसली की त्या जागी रेझिस्टन्स वाढतो आणि तिथेच उष्णता साठते. ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट. म्हणून दुपारी घरात एक पंखा चालू असताना डीबी बघून 'सगळं ओके' म्हणणं म्हणजे बैल न जुंपता गाडी तपासण्यासारखं आहे. दोन किलोवॉटचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो, तो लावा, एसी लावा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या आणि मग बघा. निदान ४० टक्के लोड हवा असं धंद्यातले लोक धरून चालतात. अमेरिकेतल्या नेटा या संस्थेच्या तक्त्याप्रमाणे सारख्या लोडवरच्या सारख्याच दोन जोडांमध्ये १ ते ३ डिग्रीचा फरक म्हणजे शंका घ्यावी असा, ४ ते १५ म्हणजे बहुधा दोष आहेच, आणि १५ च्या वर म्हणजे लगेच दुरुस्त करा. बघा, इथेही मोजमाप फरकाचंच आहे. आणि हो, डीबीचं कव्हर बंद ठेवून आतलं काही दिसत नाही, कव्हर उघडावं लागतं, आणि चालू लाइनचं कव्हर उघडणं हे इलेक्ट्रिशियनचंच काम आहे, हौशी माणसाचं नाही.

मोबाइल रिपेअरमध्ये तर याने कामाची पद्धतच बदलली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड घ्या नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली, बोर्डावर काम करणाऱ्याच्या टेबलावर मायक्रोस्कोपशेजारी थर्मल दिसला तर आता कोणी वळूनही बघत नाही. फोन डेड, बोर्ड शॉर्ट. आधी काय करायचे, तर बोर्डावर राळेचा धूर द्यायचा, पांढरा थर बसला की पॉवर सप्लायमधून करंट सोडायचा आणि कुठला थर आधी वितळतो ते डोळे ताणून बघायचं, नंतर परत बोर्ड साफ करत बसायचं. आता सप्लाय एखाद्या व्होल्टवर लावला, प्रोब टेकवला, आणि स्क्रीनवर तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान कपॅसिटर ठिपक्यासारखा उजळतो. तो काढला की बऱ्याचदा फोन चालू. यासाठी मात्र मॅक्रो लेन्स लागते, नाहीतर जवळचं सगळं धूसर.

सोलर पॅनेलचं थोडक्यात. टाकीची सावली किंवा कबुतरांची घाण एका सेलवर पडली की तो सेल वीज देण्याऐवजी तापतो आणि चौकोनी डाग दिसतो. बघायचं ते चांगलं ऊन असताना, आणि अगदी तिरकं उभं राहून नाही, नाहीतर पॅनेलऐवजी काचेतलं आभाळ दिसेल.

पावसाळ्यातली ओल

यावर थोडं जास्त लिहायला हवं, कारण कोकण-मुंबई-गोव्याकडचे लोक बहुतेक यासाठीच हा कॅमेरा घेतात आणि मग नाराज होतात. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही. ओल्या भागातून पाण्याची वाफ होते म्हणून तो भाग एक-दोन डिग्री गार होतो, तेवढंच दिसतं, म्हणजे माठाचं तत्त्व. आणि माठ कधी काम करत नाही? ऐन जुलैत, हवा दमट असताना. भिंतीचंही तसंच, बाहेर धो धो पाऊस, हवेत ९० टक्के आर्द्रता, सुकायला जागाच नाही, त्यामुळे डोळ्याला ढळढळीत दिसणारी ओल कॅमेऱ्यात गायब असू शकते. अशा वेळी पंखा भिंतीकडे तोंड करून तासभर चालवा किंवा उघडीप मिळाली की बघा. दुसरं म्हणजे गार डाग म्हणजे ओलच असं नाही, एसीची हवा लागणारा कोपरा किंवा भिंतीतला काँक्रीटचा बीमही असाच दिसतो. म्हणून जाणकार माणूस डागावर ओलावा मोजायचं मीटर टेकवल्याशिवाय फोडाफोडीला हात घालत नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी भांडायला फक्त रंगीत फोटो घेऊन जाऊ नये.

हमखास होणाऱ्या चुका

लाल म्हणजे गरम, हा सगळ्यात मोठा गैरसमज. लाल म्हणजे या फ्रेममधलं सगळ्यात गरम, बस. अॅप रंगांची पट्टी आपोआप ताणतं, त्यामुळे अख्खी भिंत २७ ते २८ डिग्रीत असली तरी एक कोपरा निळाजांभळा आणि दुसरा पेटल्यासारखा दिसतो. पट्टीची खालची-वरची हद्द हाताने लॉक करा आणि मगच दोन फोटोंची तुलना करा.

भिंतीपलीकडचं, कपड्यांतलं याने काही दिसत नाही. काचेपलीकडचंही नाही, काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. उलट कचऱ्याची पातळ काळी पिशवी, जिच्यातून डोळ्याला काही दिसत नाही, तिच्यातून मात्र आत घातलेला हात स्पष्ट दिसतो. मुलांना दाखवायला झकास.

अंतराचंही भान हवं. लेन्सचा बघायचा कोन ५६ डिग्री असेल तर एक मीटरवर एका पिक्सेलमध्ये साधारण ४ मिलिमीटर मावतात, आणि आकडा भरवशाचा हवा तर निदान तीन गुणिले तीन पिक्सेल भरायला हवेत, म्हणजे १२ मिलिमीटरपेक्षा बारीक वायरीचा एक मीटरवरून घेतलेला आकडा भिंतीत मिसळलेला असतो. जवळ जा, एवढाच उपाय.

ताप बघायला नको. यांची अचूकता अधिक-उणे २ ते ३ डिग्री सांगितलेली असते आणि तापाचा सगळा मामलाच एक-दीड डिग्रीचा. स्तनाच्या कॅन्सरसाठी थर्मोग्राफी हा मॅमोग्रामला पर्याय नाही असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने अनेकदा दिलाय, तरी कोणी असं शिबिर घेत असेल तर विचारपूस करा.

घेताना

आधी फोनचं पोर्ट बघा. आयफोनच्या जुन्या लायटनिंग पोर्टाचे जे कॅमेरे लोकांनी घेतले होते ते २०२३ च्या आयफोन १५ ला टाइप-सी आल्यावर थेट लागेनात. अँड्रॉइडवर काही फोनमध्ये ओटीजी (पोर्टाला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि काहींमध्ये ते दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं, मग लोक कॅमेऱ्याला शिव्या घालतात. जाड कव्हर असेल तर प्लग पूर्ण आत जात नाही, छोटी एक्स्टेंशन वायर घेऊन ठेवा, पोर्टावरचा ताणही वाचतो. सगळ्यात महत्त्वाचं अॅप. कंपनीने ते अपडेट करायचं सोडलं आणि फोनची सिस्टीम पुढे गेली की चांगला चाललेला सेन्सर नुसता ठोकळा म्हणून ड्रॉवरमध्ये पडतो, त्यामुळे घेण्याआधी अॅप स्टोअरवर जाऊन शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा आणि खालचे एक स्टारवाले रिव्ह्यू आधी वाचा.