अस्थिमज्जेवरील प्रारणाचे परिणाम

क्ष-किरण, गॅमा किरण यांसारख्या आयनीकारक प्रारणामुळे हाडांतील रक्तपेशी घडविणाऱ्या मज्जेला होणारी इजा. प्रौढ व्यक्तीत ही लाल मज्जा मुख्यत्वे कटीरास्थी, मणके, उरोस्थी, बरगड्या व कवटी यांत असते.

भराभर विभागणाऱ्या पेशी प्रारणाला लवकर बळी पडतात, हे बेर्गोनिये व त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी १९०६ मध्ये मांडले. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या ‘कृषक’ या शेतमालावर प्रारण-प्रक्रिया करणाऱ्या केंद्रात हेच तत्त्व कांद्यासाठी वापरले जाते. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची सुमारे ६० ते ९० ग्रे (शोषलेल्या प्रारणाचे एकक) मात्रा मिळाली की कांद्याच्या गाभ्यातील वाढीच्या पेशींची विभागणी थांबते व साठवणीत कोंब येत नाही. पापुद्रे जसेच्या तसे राहतात. (कांदा किरणोत्सर्गी होत नाही.) सतत विभागणाऱ्या पेशींची मानवी मज्जा याहून कितीतरी नाजूक आहे. संपूर्ण शरीरावर एकाच वेळी सुमारे ४ ग्रे मात्रा पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर सुमारे निम्म्या व्यक्ती ६० दिवसांत दगावतात.

मज्जेतील ज्या मूलपेशीपासून रक्तपेशी घडतात तिच्या डीएनएचे दोन्ही धागे तुटले व दुरुस्ती साधली नाही, तर ती पेशी मरते किंवा विभागणे सोडते. रक्तात अगोदरच फिरणाऱ्या पेशी आपले आयुष्य पुरे करीत असल्याने तुटवडा उशिरा जाणवतो. लसीकापेशी (लिम्फोसाइट, श्वेतपेशींचा एक प्रकार) मात्र न विभागताही थेट मरतात, म्हणून पहिल्या ४८ तासांतील त्यांच्या घसरणीवरून मात्रेचा अंदाज बांधतात. पुढील काही आठवड्यांत इतर श्वेतपेशी व बिंबिका (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट) तळ गाठतात. ताप येतो, हिरड्यांतून रक्त येते, त्वचेखाली लाल ठिपके उमटतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने रक्तक्षय सावकाश होतो.

टिल व मॅक्‌कुलॉक या कॅनडातील संशोधकांनी १९६१ मध्ये प्राणघातक मात्रा दिलेल्या उंदरांना निरोगी मज्जा टोचली, तेव्हा प्लीहेवर पेशींच्या गाठी उमटल्या आणि त्यांची संख्या टोचलेल्या पेशींच्या प्रमाणात भरली. रक्तपेशीजनक मूलपेशींच्या अभ्यासाचा पाया येथेच पडला, असे म्हणणे योग्य ठरेल.

उपचारांत जंतुसंसर्गापासून बचाव, रक्तघटक देणे, श्वेतपेशी वाढविणारी इंजेक्शने व निवडक रुग्णांत मज्जारोपण यांचा समावेश होतो. कर्करोगासाठी ओटीपोटावर ‘शेक’ (प्रारणोपचार) घेणाऱ्या रुग्णाची मज्जा केवळ त्या भागापुरती दबते आणि उरलेली मज्जा भर काढते. केमोथेरपी सोबत असल्यास पेशी अधिक उतरतात, म्हणून रक्ततपासणी वारंवार होते. छातीच्या एक्स-रेची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट (क्ष-किरणांसाठी १ ग्रे म्हणजे १,००० मिलिसिव्हर्ट), म्हणजे मज्जेची लक्षणे दिसू लागणाऱ्या मात्रेच्या हजारो पटींनी कमी असते.

वाचलेल्या मूलपेशींत चुकीची दुरुस्ती राहून गेल्यास पुढे रक्ताचा कर्करोग संभवतो; हिरोशिमा व नागासाकी येथील बाधितांत त्याचे प्रमाण स्फोटांनंतर काही वर्षांतच वाढले आणि बालवयात मात्रा मिळालेल्यांत ही वाढ अधिक होती.