ब्लॅकजॅक: तक्ता पाठ असणं म्हणजे काउंटिंग येणं नव्हे

ठाण्यात गणपतीच्या जागरणाला पत्ते निघाले की गोव्याच्या कॅसिनोतल्या ब्लॅकजॅकचा विषय निघतोच. या खेळात पानांची बेरीज 21 च्या वर न जाता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त करायची असते; आणि गेलेल्या पानांवरून उरलेल्या पानांचा अंदाज घेणं म्हणजे काउंटिंग. मग कोणीतरी सांगतो, "मी तक्ता पाठ केलाय, मला काउंटिंग येतं." दुसरा म्हणतो, "मेंढीकोटात मला गेलेली सगळी पानं आठवतात, मला तर सहज जमेल." दोघांचंही चुकतंय, आणि ही चूक खिशाला चाट लावणारी आहे.

तक्ता, म्हणजे आपली पानं आणि डीलरचं उघडं पान बघून काय करायचं हे सांगणारी बेसिक स्ट्रॅटेजी, बहुतेकांना माहीत असते. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी फोडायची (म्हणजे दोन वेगळे डाव करायचे), दश्श्यांची फोडायची नाही, आपले 16 आणि डीलरची दश्शी असेल तर निमूट पान घ्यायचं. बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅक्डरमॉट या अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर ही आकडेमोड केली आणि 1956 मध्ये संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली. नियम बरे असतील तर तक्ता तंतोतंत पाळून कॅसिनोची आघाडी, म्हणजे लावलेल्या पैशांतला त्याचा सरासरी नफा, साधारण अर्ध्या टक्क्यावर येते. पण आघाडी कॅसिनोचीच राहते. तक्ता तुम्हाला हळू हरवतो, जिंकवत नाही. हे वाक्य मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी वाद घालतो.

तक्ता प्रत्येक डाव पूर्ण कॅटमधून वाटला जातोय असं धरून चालतो. प्रत्यक्षात खेळून झालेली पानं पुन्हा पिसेपर्यंत बाजूला पडतात आणि उरलेल्या कॅटचं स्वरूप बदलत जातं. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञानं नेमकं हेच हेरलं. एमआयटीतल्या आयबीएम 704 संगणकावर त्यानं एकेका किमतीची चारही पानं काढून टाकून हिशोब केला. चारही पंज्या गेल्या, तर एका कॅटच्या खेळात आघाडी 3 टक्क्यांहून जास्त खेळाडूकडे येते असं निघालं. 1961 मध्ये त्यानं हे मांडलं.

पंजीच का? डीलरला 17 होईपर्यंत पान घ्यावंच लागतं. 12 ते 16 मध्ये अडकलेल्या डीलरला छोटं पान वाचवतं, मोठं पान 21 च्या वर नेतं. तुम्हाला मात्र तिथे थांबायची मुभा आहे. शिवाय मोठी पानं उरली असतील तर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दश्शी किंवा चित्र) दोघांनाही जास्त लागतो. पण तुम्हाला लागला तर 100 रुपयांवर 150 मिळतात, डीलरला लागला तर तुमचे 100 च जातात. सगळा फायदा या असमानतेत आहे.

म्हणून काउंटिंगला पानं आठवावी लागत नाहीत. 1963 मध्ये हार्वे डब्नरनं मांडलेल्या पद्धतीत दुर्री ते छक्की दिसली की एक मिळवायचा, दश्शी, चित्रं आणि एक्का दिसला की एक वजा, सत्ती ते नव्वी सोडून द्यायची. डोक्यात एकच आकडा. मेंढीकोटात कोणत्या रंगाची मेंढी गेली, हुकूम कोणाकडे उरला हे धरून ठेवावं लागतं. इथे राजा इस्पिकचा की बदामचा, काहीही फरक पडत नाही. या आकड्याला उरलेल्या कॅटांनी भागायचं: +6 असेल आणि 3 कॅट उरले असतील, तर खरा आकडा +2.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. हा आकडा मुख्यतः पान कसं खेळायचं हे सांगत नाही, पैसे किती लावायचे हे सांगतो. खरा आकडा एकानं वाढला की आघाडी साधारण अर्धा टक्का तुमच्याकडे सरकते. म्हणजे +1 च्या आसपास बरोबरी, +2, +3 ला पारडं तुमचं. तेव्हा मोठी रक्कम लावायची, एरवी टेबलावरची किमान. डाव मात्र जवळजवळ तसाच, तक्त्याप्रमाणे. अपवाद थोडे. त्यातला महत्त्वाचा इन्शुरन्सचा, म्हणजे डीलरचं उघडं पान एक्का असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल या वेगळ्या पैजेचा: त्यावर एकास दोन मिळतात, म्हणून उरलेल्या पानांत दहा किमतीची (दश्शी आणि चित्रं) एक तृतीयांशाहून जास्त असतील तरच तो परवडतो, आणि ते साधारण +3 ला होतं. एरवी इन्शुरन्स घेऊच नये.

पुढचं पान दश्शीच येणार, असं काउंटिंग कधीच सांगत नाही. आणि हरल्यावर रक्कम दुप्पट करत जाणं हे तर काउंटिंग अजिबात नाही. आधी काय हरलात याची उरलेल्या कॅटला खबर नसते.

कॅसिनोंनी यावर उपाय शोधलेच. 1964 मध्ये लास वेगासनं नियम कडक केले, गिऱ्हाईक आटलं तेव्हा काही आठवड्यांत मागे घेतले. मग एकाऐवजी सहा-आठ कॅट आले, सतत पिसणारी यंत्रं आली, आणि ब्लॅकजॅकला 150 ऐवजी 120 देणारी टेबलं आली. या शेवटच्या बदलानं कॅसिनोची आघाडी जवळपास 1.4 टक्क्यांनी वाढते. तसल्या टेबलावर बसूच नये, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्राचा 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला, त्यामुळे ठाण्या-वाशीचे लोक गोव्यालाच जाणार. तिथे बसण्याआधी पत्ते कसे पिसतात ते बघा. वापरलेली पानं लगेच यंत्रात परत जात असतील, तर काउंटिंगला काहीच अर्थ उरत नाही. तक्ता मात्र तिथेही तितकाच लागू असतो.