मोबाइलवरचा फील्ड राउंड

रासायनिक किंवा औषधी कारखान्यात पंप, रिॲक्टर आणि टाक्यांमधून फिरणाऱ्या ऑपरेटरला, फिटरला, इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञाला जागेवरच नोंद करता यावी, माहिती मिळावी आणि कंट्रोल रूमशी बोलता यावे, यासाठी होणारा फोनचा किंवा टॅबचा वापर. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरलेल्या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहतीत या विषयाला वेगळाच अर्थ येतो. एकाच रस्त्यावर सॉल्व्हंटच्या टाक्याही आहेत आणि ऐरोली-महापे भागात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची कार्यालयेही.

कंट्रोल रूमच्या पॅनलवर ट्रान्समीटर (मोजमाप पाठवणारे उपकरण) बसवलेल्या जागांचेच आकडे दिसतात. पंपाच्या ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या सीलमधून) थेंब पडतोय, बेअरिंगमधले तेल खाली गेले आहे, कुठूनतरी वास येतोय, हे पॅनलसमोर बसलेल्या बोर्ड ऑपरेटरला कळत नाही. त्यासाठी फील्ड ऑपरेटर लॉगशीट (नोंदीचा तक्ता) घेऊन ठरलेल्या वेळी राउंड मारतो. कागदाची अडचण जुनी आहे. पावसाळ्यात तो भिजतो, मग रीडिंग हातावर लिहून आणायचे आणि शिफ्ट संपताना टेबलावर बसून रकाने भरायचे. आठही तास एकाच पंपाचे प्रेशर सारखेच लिहिलेले दिसले की आकडे बसल्या जागी भरलेत, हे अनुभवी शिफ्ट इनचार्ज समजून जातो. मोबाइलवर पंपाजवळचा टॅग (ओळखपट्टी) स्कॅन केल्याशिवाय रकाना उघडणार नाही, अशी सोय करता येते. पण त्याहून मोलाचे म्हणजे मागची रीडिंग शेजारीच दिसतात. समजा, प्रेशर ५.८, मग ५.६, मग ५.३ किलो (दर चौरस सेंटीमीटरला). प्रत्येक आकडा मर्यादेतच आहे, पण पंप खाली येतोय हे समोर उभ्या माणसाला तिथेच कळते.

साधा फोन मात्र गेटवरच जमा होतो, आणि ते योग्यच आहे. हायड्रोजन पेटायला सुमारे ०.०२ मिलिजूल ऊर्जा पुरते, मिथेनला सुमारे ०.२८. ज्वालाग्राही वाफ असू शकते अशा भागांचे झोन ०, १ आणि २ असे वर्ग केलेले असतात. तिथे फोन न्यायचा तर, बिघाड झाला तरी वाफ पेटवण्याइतकी ठिणगी किंवा उष्णता निर्माण होणार नाही असे सर्किट असलेलाच लागतो. भारतात या क्षेत्राची नियामक संस्था पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था) असून तिचे मुख्यालय नागपूरला आहे. असे फोन साध्या फोनपेक्षा कितीतरी महाग असतात. त्यामुळे शिफ्टमागे मोजकेच येतात आणि कंत्राटी हेल्परच्या हातात बहुधा एकही पडत नाही. टाकीत उतरायची वेळ मात्र बऱ्याचदा त्याच्यावरच येते.

परमिटचे, म्हणजे धोक्याच्या कामाआधी द्यायच्या लेखी परवानगीचे, काम सर्वांत नाजूक. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलफलाटावर १६७ माणसे गेली. देखभालीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता. ती गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही आणि तोच पंप चालू केला गेला. मोबाइलवर पंपाचा टॅग स्कॅन करताच त्याच्यावरची सगळी उघडी परमिटे एकत्र दिसली पाहिजेत. या तंत्राचा सर्वांत मोठा उपयोग तोच. उलट धोकाही आहे. बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या चाचणीवरून लेखी प्रमाणपत्र द्यावे, असे कारखाने अधिनियम १९४८ चे कलम ३६ सांगत आले; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. केबिनमध्ये बसून स्क्रीनवर अंगठा टेकवणे म्हणजे मॅनहोलशी जाऊन गॅस तपासणे नव्हे. ही दोन कामे एक करणारे ॲप वापरूच नये.

पाइपरॅक आणि लोखंडी कॉलमच्या आड सिग्नल जातो, म्हणून नोंद फोनमध्येच साठून नंतर वर चढली पाहिजे. ओल्या हातमोज्याला टचस्क्रीन दाद देत नाही, तेव्हा मोठी बटणे लागतात. फोनवरून माणूस कुठे आहे हे कळते. आग लागली तर असेंब्ली पॉइंटवर (सर्वांनी जमायच्या जागी) कोण आले नाही, हे त्यावरून शोधता येईल. पण त्याच माहितीवर चहाची मिनिटे मोजली की माणसे फोन लॉकरमध्ये ठेवून राउंडला जातात, आणि खऱ्या आगीत तो लॉकरच सापडतो.

भाषेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ॲपमधली बिघाडांची यादी इंग्रजीत, पर्याय पाच-सहा, आणि सगळे शेवटी ‘इतर’ निवडतात. ऑपरेटर म्हणतो, ‘व्हॉल्व्ह पास होतोय’ (बंद असूनही आतून गळतोय), ‘पंप प्रेशर पकडत नाही’, ‘बेअरिंग ओरडतंय’. या तीन वाक्यांत तीन वेगळे बिघाड आहेत. यादीत हेच शब्द असावेत, नाहीतर मराठीत बोलून नोंद करू द्यावी. ओरडणाऱ्या बेअरिंगजवळ फोन धरून दहा सेकंदांचा आवाज पाठवला, तर वर्कशॉपमधला फिटर तो कानाला लावतो आणि निघतानाच बेअरिंग काढायचा पुलर सोबत घेतो.